घमेल्यातलं हिरवं पाणी

भर सभेत, सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या थोबाडीत बसलेली मी आयुष्यात एकदाच पाहिली. मार खाणारे होते डॉक्टर इंगळे. चष्मा उडून सतरंजीवर पडला. एवढी माणसं बसली होती, पण सगळ्यांची तोंडं उघडी ती उघडीच. डॉक्टरांनी स्वतःच वाकून चष्मा उचलला, सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मारणाऱ्याकडे शांतपणे पाहत उभे राहिले. त्या आवाजानं मी अजूनही कधीकधी दचकते.

ते का झालं हे सांगायचं तर आधी डॉक्टर सांगायला हवेत.

ते गुराढोरांचे डॉक्टर. मूळचे पिंपळगाव राजाचे, पण नोकरीची शेवटची वर्षं आमच्या भागात काढली आणि निवृत्त होऊन सुलतानपूरलाच राहिले. पत्नी आधीच गेलेली, मुलगी परदेशात. मी मलकापूरची, बाजारपेठेत वाढलेली. मास्तरीण म्हणून बदली होऊन आले आणि त्यांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहिले. माझी शाळा आत एका वाडीवर होती. वाडीचं नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथंच राहतात. एसटी जात नव्हती, रिक्षावाला मनात येईल तेव्हा यायचा. पहिल्याच आठवड्यात मी कडेला ताटकळत उभी असताना डॉक्टरांनी जीप थांबवली आणि म्हणाले, "बसा मॅडम. पण तुमी बसल्या म्हणजे पोचल्या, असं नाही. हे कधीकधी मधातच बसते."

"हे" म्हणजे जीप. सरकारी लिलावात निघालेली, चारही चाकांना जोर देणारी जुनी गाडी. दारांना काचा नव्हत्या, मागच्या बाकावर कायम एक दोरखंड, एक बादली आणि औषधांची पेटी. पावसाळ्यात त्या रस्त्यावरची काळी माती भल्याभल्यांना गुडघे टेकायला लावायची. एकदा एका नवरदेवाची नवीकोरी गाडी नाल्याजवळ रुतली, तेव्हा डॉक्टरांनी तिला दोर बांधून ओढून काढली. पण गाडी काही पुढं जाईना, तेव्हा नवरदेवाला जीपमध्ये मागं घेतलं. मागं आधीच एक पाय मोडलेली शेळी होती. फेट्याचा तुरा शेळीनं वाटेतच संपवला. डॉक्टर मांडवात उतरून वधूपित्याला म्हणाले, "दोघंही सुखरूप आणले."

जनावर तपासायच्या आधी ते त्याचं नाव विचारत. नाव नसलं तर चिडत. "नाव नाही? मंग हाका कशा मारता तिले?" मालक ओशाळून डोकं खाजवू लागला की स्वतःच नाव ठेवून टाकत आणि मगच सुई टोचत. आमच्या वाडीवरच्या निम्म्या म्हशींची नावं त्यांनी ठेवलेली होती आणि ती सगळी त्यांना पाठ होती. माणसांची नावं मात्र विसरायचे. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत आलं नाही, मी आपली "मॅडम".

दुसरी खोड म्हणजे त्यांचा एक प्रश्न. कुणी काहीही सांगितलं की ते विचारत, "सोताच्या डोयानं पाह्यलं का?" आणि "नाही" म्हटलं की ऐकणंच बंद. एकाची म्हैस दूध देईना. कुणीतरी करणी केली, असं त्यानं घरच्या घरी ठरवून टाकलं होतं. डॉक्टर त्याच्या गोठ्यात पोत्यावर जाऊन बसले, शेंगदाणे खात. दुपारी त्या म्हशीच्याच वगारीनं दावणीचं दावं शांतपणे मानेतून काढलं, आईला पोटभर प्यायली आणि परत येऊन दाव्यात मान घालून उभी राहिली. डॉक्टरांनी मालकाला हाक मारून सांगितलं, "हे पाहा तुमचा मांत्रिक." खोटं बोलणं तर त्यांना जमायचंच नाही. मुलीनं फोनवर "औषध घेतलं का?" विचारलं की ते एवढा वेळ खोकत, की तिला उत्तर आपोआप कळायचं.

तर त्या उन्हाळ्यात जीपचं पाणी गायब होऊ लागलं. पाणी म्हणजे इंजिन थंड ठेवणारं. आमच्याकडं सगळे ट्रॅक्टरवाले, जीपवाले त्यात साधं पाणी टाकतात. डॉक्टर टाकत नसत. ते डब्यातलं हिरवंगार कूलंट आणत आणि मोजून भरत. गॅरेजवाला हसायचा. "साहेब, साधं पाणी टाकत जा ना. आमी सारे तेच टाकतो." डॉक्टर म्हणत, "तू सलाईनच्या बाटलीत नळाचं पाणी भरशीन काय? मंग?" आता वाटतं, त्यांनी एवढ्या एका बाबतीत गॅरेजवाल्याचं ऐकलं असतं तर!

रोज सकाळी टाकी भरायची आणि दुपारी रिकामी. गॅरेजवाल्यानं गाडी खड्ड्यावर घेतली, इंजिन चालू ठेवलं, खालून बॅटरी मारून पाहिलं. एक थेंब नाही. तेलात पाणी मिसळतंय का पाहिलं, नाही. नळ्या बदलल्या, पकडी आवळल्या. पाणी जायचं ते जातच राहिलं. शेवटी त्यानं हात टेकले. "साहेब, हे पाणी पेऊन राह्यली." डॉक्टरांनी त्याला विचारलं, "तू पाह्यलं का पेताना?"

मग त्यांनी रोग्याला स्वतः ताब्यात घेतलं. सकाळी मला शाळेत सोडलं की जीप ते शाळेपुढच्या लिंबाखाली उभी करत आणि गोठ्यांकडं चालत जात, कारण वाडीच्या गल्ल्या अरुंद. एक दिवस त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरातून एक जुनं घमेलं मागून घेतलं आणि इंजिनाखाली सरकवलं. परत आले तर त्यात तांब्याभर हिरवं पाणी. डॉक्टरांना कोण आनंद! बोट बुडवलं, जिभेला लावलं, थुंकले. "गोड आहे. आपलंच आहे. म्हणजे हे चालताना गळत नाही मॅडम, थांबल्यावर गळते. आता कुठून गळते तेवढं पाहाचं."

घमेलं देणारी होती कासाबाई. ती आमच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. विधवा बाई, काळीसावळी, तोंडानं तिखट. पोरं तिला घाबरत आणि तिच्याच भोवती घोटाळत. आधीच वाडीतल्या काही घरांना तिच्या हातचं अन्न नको होतं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, उघड बोलत कोणी नव्हतं. तिनं कधी त्याची दखल घेतली नाही. पातेल्यात पळी आपटून म्हणायची, "ज्याले खाचं त्यानं खा, ज्याले नाही त्यानं घरून आणा."

त्या दिवसापासून घमेलं रोजच जीपखाली जाऊ लागलं. डॉक्टर जाता जाता ओरडून सांगत, "कासाबाई, दुपारून घमेलं रिकामं करून ठेवसान हो!" आणि ती आतून "हाव साहेब" म्हणे.

आणि मग वाडीत कुत्री मरू लागली.

पहिलं एक बेवारशी कुत्रं दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खात शाळेसमोरून गेलं. पोरं हसली. दोन दिवसांनी ते ओढ्यात मेलेलं सापडलं. मग दुसरं, तिसरं. सगळ्यांची तीच तऱ्हा: आधी झिंगणं, मग उलट्या, मग एका जागी पडून राहणं, मूत बंद, आणि खेळ खलास. पिसाळल्याची आवई उठली आणि आयांनी पोरांना घरात कोंडलं. डॉक्टर एकेका कुत्र्याजवळ बसून राहत. शेवटचा गेला तो साहेबरावांचा वाघ्या. साहेबराव म्हणजे वाडीतला तालेवार शेतकरी. रानडुकरांपासून त्यांचं पीक राखणारं ते कुत्रं त्यांच्या घरातल्या माणसांत मोडायचं. वाघ्यानं डॉक्टरांच्या मांडीवर जीव सोडला. डॉक्टर उठले, टोपी काढली आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "हे पिसाळणं नाही. रोगराई नाही. हे विष आहे. कोणीतरी हे कुत्र्यायच्या पोटात घातलं."

त्यांचं निदान शंभर टक्के खरं होतं. पण त्या एका वाक्यानं वाडी पेटली.

कारण महिनाभरापूर्वीच कुत्र्यांनी कासाबाईच्या कोंबड्या फाडल्या होत्या, आणि तिनं चारचौघांत रस्त्यावर उभं राहून शिव्या दिल्या होत्या, "एकेकाले औषध घालीन!" असं उन्हाळ्यात दहा जण दहा वेळा म्हणतात. पण आता ते सगळ्यांना आठवलं. दुसऱ्या दिवशी पंगतीला निम्मी पोरं. तिसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी कासाबाईनं खिचडीचं भरलं पातेलं समोर ठेवलं आणि व्हरांड्यात एकही ताटली वाजली नाही. एक आई माझ्या तोंडावर म्हणाली, "आज कुत्र्यायले घातलं मॅडम, उद्या लेकरायले घालन."  जिनं या पोरांची नाकं पुसली, तिच्याबद्दल हे? तिला काढून टाकायला खास ग्रामसभा बोलावली गेली. नुसतं काम जायचं असतं तरी एक वेळ चाललं असतं. तिच्या माथ्यावर विष घालणारी म्हणून शिक्का बसणार होता, आणि तो घेऊन तिला त्याच गल्लीत मरेपर्यंत राहायचं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना गळती सापडली.

त्यांनी पानटपरीवरून खायचा चुना आणला होता आणि इंजिनाचा एकेक सांधा, एकेक नळी त्यानं पांढरी करून टाकली होती. जीप नवरीसारखी चुन्यात माखलेली. मला शाळेत सोडलं, इंजिन बंद केलं आणि स्वतः गाडीखाली पोत्यावर आडवे झाले. मी वर्गात कविता शिकवत होते, तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, "मॅडम! सापडली!" मी धावले. पाण्याच्या पंपाच्या पोटाखाली मुगाएवढं भोक होतं, आणि पांढऱ्या चुन्यावरून एक ओली हिरवी रेघ खाली उतरत होती. "इंजिन चालू असलं की चूप बसते लेकाची. थंडं व्हाले लागलं की गळते. पंप गेला आहे, बस!" एवढ्या दिवसांच्या कुत्र्यांच्या मरणानं काळवंडलेला तो चेहरा पहिल्यांदा फुलला होता.

कासाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पोरं जेवत नव्हती, तरी ती रोज यायची, शिजवायची. डॉक्टरांनी खालूनच विचारलं, "कासाबाई, काल दुपारून घमेल्यात किती होतं?"

"तांब्याभर असन साहेब."

"अन् फेकलं कुठं? भाजीबिजीच्या वाफ्यात नाही ना?"

"फेकाचं कायले? एवढ्या उन्हाळ्यात कोणी पाणी फेकते काय साहेब? कुत्र्यायच्या कुंडीत ओतलं. रोज तिथंच ओतलं." ती लिंबामागच्या सिमेंटच्या कुंडीकडं बोट दाखवत होती, उन्हाळ्यात जनावरं तहानेनं मरू नयेत म्हणून तिनंच ती मांडली होती. "बिचारे आवडीनं पेत."

डॉक्टर गाडीखालून बाहेर आले नाहीत. किती तरी वेळ फक्त त्यांचे पाय दिसत होते. मग ते सरपटत बाहेर निघाले आणि तिथंच मातीत बसले. चुन्यानं भरलेले हात पुढं धरलेले, डोळे कुंडीवर. मला वाटलं, त्यांना झटका आला. मी पाणी आणायला वळले तर म्हणाले, "मॅडम, ते विष आहे. गोड असते, म्हणून पेतात. कुत्र्यायले मीनं मारलं."

माझ्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा आली ती कुत्री नव्हती, पोरं आली. मी धावत वर्गात गेले, एकेकाला दरडावून विचारलं, कुंडीतलं पाणी कुणी तोंडाला लावलं का? कुणी लावलं नव्हतं. 

बाहेर आले तर डॉक्टर दगडानं कुंडी फोडत होते आणि कासाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. तिला समजलं होतं. "गाडीत पाणीच असते ना साहेब? ट्रॅक्टरवाले तर माह्याच माठातलं नेऊन टाकतात." मग स्वतःच्या दोन्ही हातांकडं पाहून म्हणाली, "म्हणजे लोक खरं बोलून राह्यले. मीनंच घातलं."

"नाही," डॉक्टर म्हणाले. "रिकामं करा, असं मीनं म्हटलं. त्यात काय आहे, ते सांगतलं नाही. मंग ओतलं कोणं?" दगड टाकून ते माझ्याकडं वळले. "सारं पाह्यलं मॅडम. तेल पाह्यलं, नळ्या पाह्यल्या. घमेल्यातलं पाणी कुठं जाते, तेवढं नाही पाह्यलं." मग कासाबाईला बजावलं, "उद्या सभेत तुमी तोंड उघडू नोका. मी बोलतो."

सभा मारुतीच्या मंडपात भरली. सरपंचांनी विषय काढायच्या आतच डॉक्टर उभे राहिले. गळती कशी होती, घमेलं कसं ठेवलं, ते पाणी किती जहरी, सगळं त्यांनी शाळेत सांगावं तसं नीट सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "ते पाणी कुंडीत मीनं ओतलं. माह्या हातानं. या बाईचा काही संबंध नाही."

 मग साहेबराव उठले. डोळे लाल. "माहा वाघ्या तुमच्या मांडीवर मेला डाक्टर. तुमच्याच." आणि सणसणीत आवाज झाला.

चष्मा डोळ्यांवर चढवून डॉक्टर उभे राहिले ते मी वर सांगितलंच. त्याच वेळी मागं बायकांतून कासाबाई उठली. डोक्यावरचा पदर खाली आलेला, तिला त्याचं भान नव्हतं. "साहेबायले मारू नोका! त्याहीनं नाही ओतलं. मीनं ओतलं. मीनं!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या.  झालं, आता संपलं.

डॉक्टर लगेच म्हणाले, "खोटं बोलून राह्यली हे बाई. मले वाचवाले. तिचं वासरू मरता मरता मीनं वाचवलं होतं, त्याचे उपकार फेडून राह्यली."

मी थक्क होऊन पाहत राहिले. हा माणूस, जो स्वतःच्या मुलीला औषधाबद्दल एक थाप मारू शकत नव्हता, तो न खोकता, न अडखळता एवढं मोठं खोटं बोलला! आणि खोटंही कसलं? कासाबाईकडं वासरू नव्हतं. कधीच नव्हतं. कोंबड्यांशिवाय तिच्या दारात काही उभं राहिलेलं नव्हतं. कुणाच्या दावणीला काय आहे हे त्या वाडीत तान्ह्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे मंडपात बसलेल्या प्रत्येकाला, साहेबरावांसकट, त्याच क्षणी कळलं, की ओतलं कुणी, नकळत कसं ओतलं, आणि हा म्हातारा गालावर वळ घेऊन कशासाठी उभा आहे.

कुणीही म्हणालं नाही, की डॉक्टर, तिच्याकडं वासरू कुठंय? साहेबराव स्वतःच्या हाताकडं पाहत हळूच खाली बसले. सरपंचांनी घसा खाकरला आणि पाणीटंचाईचा विषय घेतला.

पुढं आठवडाभरात सुट्टी लागली आणि त्या सुट्टीतच डॉक्टर झोपेत गेले. मी मलकापुरात होते, मला दोन दिवसांनी कळलं. त्यामुळं सभेच्या दुसऱ्या दिवशी शाळेत पाहिले तेच माझे शेवटचे डॉक्टर.

जीपचा पंप काढलेला असल्यानं ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आले. गाल सुजलेला. पंगतीला बरीच पोरं बसली होती, पण पुढ्यातल्या ताटल्या रिकाम्या होत्या. पोरांना आयांनी पाठवलं होतं. आता कासाबाईच वाढत नव्हती. पळी हातात धरून ती पातेल्याशेजारी मघापासून नुसती उभी होती. मी दोनदा सांगून पाहिलं, तिची मान हलायची, हात हलत नव्हता. डॉक्टरांनी एकदा पाहिलं, चपला काढल्या, एक ताटली उचलली आणि गुडघ्यांवर हात टेकत पोरांच्या रांगेत खाली बसले.

"वाढा."

"मले माह्या हाताचं भेव वाटते साहेब," ती पुटपुटली.

डॉक्टर ताटली पुढं धरून बसून राहिले. धरून धरून त्यांचा हात कापायला लागला, तरी ताटली खाली आली नाही. शेवटी तिनं पळी बुडवली आणि वाढली. सगळी पोरं बघत होती. डॉक्टरांनी एक घास घेतला, सुजलेल्या गालानं सावकाश चावला, गिळला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी आहे."

कासाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. मग पातेल्यावर पळी दाणकन आपटली. "मंग घरी जेवाचं होतं!" ती कडाडली, आणि रांगेतल्या पुढच्या पोरावर खेकसली, "तू काय पाह्यतं? ताटली पुढं कर!"